गोष्ट सांगा, मग पुस्तक ठेवा

त्या शाळेच्या पुस्तकखोलीला खिडकी होती, पण ती उघडत नसे. कुणीतरी कधीतरी भिंतीला रंग देताना चौकटीसकट खिडकीही रंगवून टाकली होती, आणि तेव्हापासून ती भिंतीचाच भाग होऊन बसली होती. खोली जिन्याखाली होती, त्यामुळे छत एका अंगाला उतरत जाई आणि शेवटच्या कपाटाशी मोठ्या माणसाला कमरेत वाकावं लागे. पुस्तकबाईंना लागत नसे. त्या मुळातच बुटक्या. "मला या खोलीच्या मापानंच बेतलंय," असं त्या नव्या शिक्षिकांना सांगत आणि स्वतःच हसत.

टेबल दारात आडवं लावलेलं. फळी उचलायची, आत शिरायचं, फळी पाडायची. सकाळी एकदा आत शिरल्या की डिंकाच्या, जुन्या कागदाच्या आणि शिक्क्याच्या शाईच्या वासात बाई मधल्या सुट्टीपर्यंत बसून असत. डोक्यावरून जिना चढणारी पावलं जात. कुठला वर्ग चालला आहे ते त्यांना पावलांवरून कळे.

शाळा पहिली ते चौथीची. पुस्तकखोलीत पुस्तकांखेरीज शिकायची साधनंही असत: मण्यांच्या पाट्या, गुंडाळलेले नकाशे, गोष्टींच्या कॅसेटी, आणि एका पेटीत लाकडात कोरलेली सगळी मुळाक्षरं. पण त्या खोलीचं नाव होतं ते बाईंच्या एका पद्धतीमुळे. पुस्तक परत करायला आलेल्या मुलानं आधी त्यातली गोष्ट सांगायची. सगळी नको, जमेल तेवढी. ती ऐकल्याशिवाय बाई शिक्का मारत नसत.

"गोष्ट सांगा, मग पुस्तक ठेवा," त्या म्हणत.

मुलं टेबलाला हनुवटी टेकवून सांगत. मागची रांग कान टवकारून ऐके, आणि रांगेतल्या निम्म्यांना मग तेच पुस्तक हवं असे. कुणाला काय द्यावं हेही बाईंना नेमकं कळे. "तुला कुत्रा पाळू देत नाहीत ना घरी? मग हे ने. आणि तू रे, अंधाराला घाबरतोस आणि सांगत नाहीस. तू हे ने."

पुढे बाईंच्या नजरेच्या ऐन मधोमध एक डाग येऊन बसला. कडेचं सगळं दिसे, दाराची कडी, मुलांचे बाक, कोपऱ्यातला झाडू. पण ज्याच्याकडे पाहावं नेमकं तेच पुसलं जाई. अक्षराकडे पाहिलं की अक्षर गेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड सोडून बघितलं आणि म्हणाले, हे चष्म्याच्या आवाक्यातलं नाही.

ही गोष्ट घराबाहेर गेली नाही. घरात होत्या बाई आणि त्यांच्या थोरल्या नणंद, दोघीही विधवा, एकाच ओट्यावर दोन चहा करणाऱ्या. कारण एकीला साखर जास्त लागे.

"सांगून टाक शाळेतल्या मोठ्या बाईंना," वन्सं म्हणाल्या होत्या.

"सांगून काय करू? घरी येऊन तुमचं तोंड बघू दिवसभर?"

"माझ्या तोंडाला काय झालंय? आणि तुला ते धड दिसत तरी आहे का?"

यावर दोघी हसल्या होत्या. पण त्या खोलीशिवाय आपण कुठे बसणार, हे बाईंना डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं.

मग त्यांची पद्धतच त्यांच्या मदतीला आली. जुनी पुस्तकं तर पाठच होती. नवी पुस्तकं येत ती त्या धीट मुलांना आधी देत, आणि परत करताना मुलं जी गोष्ट सांगत तीच ध्यानात ठेवून पुढच्या मुलाला सुचवत. सगळ्यांत धीट होती तिसरीतली एक मुलगी. एका जागी बसेना म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. ती दर दोन दिवसांनी पुस्तक बदले आणि अशी गोष्ट सांगे की रांगेतली मुलं घंटा झाली तरी हलत नसत.

अशात मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, एक टूम काढली. पालकांसाठी 'काय वाचावं, काय वापरावं' असं पत्रक छापायचं. शाळेत काय काय आहे ते घरोघरी कळू द्यायचं. नव्या पुस्तकांवर चार-चार ओळी पुस्तकबाईंनी द्यायच्या. बाईंनी त्या ओळी घरी बसून सांगितल्या, वन्संनी लिहून काढल्या. पत्रक छापून घरोघरी गेलं. शनिवारी पालकसभा ठरली, आणि मोठ्या बाईंनी जाहीर केलं की सगळ्यांत जास्त पुस्तकं नेणारी भिंगरी त्या दिवशी दीपगृहाच्या पुस्तकातलं पहिलं पान मोठ्यानं वाचून दाखवील.

त्याच आठवड्यात चौथीतला एक मुलगा टेबलाशी उभा राहिला. हुज्जत घालतो म्हणून त्याला वकील म्हणत.

"बाई, यात जिराफ नाहीये."

"कशात?"

"दीपगृहाच्या पुस्तकात. पत्रकात लिहिलंय, लहानपणी दीपगृहात चढलेला जिराफ आत वाढतो आणि त्याला जिना उतरता येत नाही. मी दोनदा वाचलं. नुसता दिवा कसा लावतात तेच आहे, आणि जहाजं."

"नीट वाचलंस का?"

"जिराफ काय लहान असतो का बाई, नजरेतून सुटायला?"

रांग खो खो हसली. बाईही हसल्या, पण हात शिक्क्यावर तसाच राहिला. पुस्तक उघडून बघायची सोय नव्हती. त्यांनी ते काखोटीला मारून घरी नेलं.

वन्संनी चष्मा चढवला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मध्ये जांभया देत. "दिव्याला तेल घालतात. काच पुसतात. जहाज येतं. जहाज जातं. जिराफ नाही गं बाई यात. शेपूटसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी बाईंनी भिंगरीला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. जिराफ सांगितला होता तो तिनंच. फळी पाडली. बाहेर मुलांचा गलका ओसरत गेला आणि खोलीत त्या दोघीच उरल्या.

"दीपगृहाचं पुस्तक वाचलंस ना गं?"

"हो बाई."

"जिराफ कुठल्या पानावर आहे?"

भिंगरी फळीशी चाळा करू लागली. बाईंनी लाकडी अक्षरांची पेटी ओढली, एक अक्षर उचलून बोटांनी चाचपलं आणि तिच्या हातात ठेवलं. "हे काय?"

"क."

तो ळ होता. बाईंनी दुसरं दिलं. "हे?"

"हेपण क."

बाईंनी एकामागून एक अक्षरं तिच्या तळहातावर ठेवली. बोटं कधी फसत नसत. तिला तीन-चार अक्षरं येत होती, तीही तिच्या नावातली. बाकी सगळा अंदाज. वर्गात एकदम मोठ्यानं वाचायचं, त्यात हिचा आवाज सगळ्यांत मोठा. फळ्यावरचं वहीत उतरवायचं, ते ही चित्रासारखं हुबेहूब काढी. कुणाला शंका यावी कशी?

"अगं, मग इतकी पुस्तकं नेतेस ती?"

"वरचं चित्र बघते. मग रस्त्यानं जाताना गोष्ट येते."

बाईंनी अक्षरं गोळा करून पेटीत टाकली. तेवढ्यात भिंगरीच म्हणाली, "बाई, तुम्हालापण येत नाही ना?"

"काय येत नाही?"

"वाचायला. तुम्ही आमच्या वर्गात वाघाची गोष्ट वाचत होतात ना, तेव्हा दोन पानं चिकटली होती. तुम्ही ती एकदमच उलटलीत. पण मधली गोष्टपण सांगितलीत." तिनं बोटानं पान उलटल्यासारखं केलं. "मीपण तस्संच करते. म्हणून मला कळलं."

जिन्यावरून शिपाई बादली घेऊन खाली उतरत होता, त्याचा खण् खण् आवाज डोक्यावरून सरकत गेला. बाईंना वाटलं, छत आणखी एक बोटभर खाली आलं आहे.

"मी कुणाला नाही सांगितलं," भिंगरी हळूच म्हणाली. "आईलापण नाही. तुम्ही माझं सांगू नका, मी तुमचं नाही सांगणार. चालेल?"

आठ वर्षांची पोर ती. मोठ्या माणसासारखा व्यवहार करत होती, आणि आपल्या आयुष्यात इतकी सोपी सुटका आपल्यासमोर कुणी कधी ठेवली नव्हती असं बाईंना वाटून गेलं. या पोरीला वाचता येत नाही हे सांगायचं, तर मग तिच्या इतक्या गोष्टी ऐकून शिक्के कुणी मारले तेही सांगावं लागणार. पुस्तक समोर असताना तुम्हाला कळलं कसं नाही, असं कुणीही विचारणार. आणि न सांगावं तर ही अशीच चौथीत जाणार, पाचवीत जाणार.

"बरं," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

भिंगरी खुलली. तिनं दीपगृहाचं पुस्तक उघडून बाईंपुढे सरकवलं. "मग शनिवारचं पान मला वाचून दाखवा. मला एकदा ऐकलं की येतं."

उघडं पुस्तक दोघींच्या मध्ये पडून राहिलं. बाई पानाकडे बघत होत्या आणि पान पुसलेलं होतं. क्षणभरानं भिंगरीच्याही लक्षात आलं. दोघींना एकदमच हसू फुटलं आणि तसंच एकदम थांबलं.

संध्याकाळी वन्संनी सगळं ऐकून घेतलं. "त्यात काय एवढं? आण तिला इकडे. मी वाचते, ती पाठ करील. शनिवार पार पडेल."

"आणि रविवारपासून?"

"रविवारचं रविवारी बघू."

"वन्सं, मुलगी वाचायची राहील हो. आज आठ वर्षांची आहे, उद्या मोठी होईल."

"तूही मोठीच आहेस की. तुझं चाललंयच ना?"

वन्संनी ते टाकून बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं, त्या भाजी निवडत होत्या. पण बाई ताडकन उठल्या आणि उगीचच दार उघडून गल्लीत उभ्या राहिल्या. समोरच्या घराच्या कडा दिसत होत्या. दारात कुणीतरी उभं होतं, पण कोण ते दिसेना. ते माणूस हात हलवत होतं. बाईंनीही हलवला.

भिंगरी आली. वन्संनी पान एकदा वाचलं. तिनं ते धडाधड म्हणून दाखवलं, वन्सं मध्ये खोकल्या होत्या तिथे थांबण्यासकट.

"पोरगी आहे की टेपरेकॉर्डर!" वन्सं म्हणाल्या आणि तिच्या हातावर बिस्किट ठेवलं. भिंगरीनं खुशीत बाईंकडे पाहिलं. बाईंना ते तोंड दिसलं नाही, पण मान आपल्याकडे वळली आहे एवढं कळलं. इतक्या हुशारीला दार उघडून द्यायचं सोडून आपण कडी घालतो आहोत, असं त्यांच्या मनात आलं. त्या रात्री त्यांनी जेवण नुसतं चिवडलं.

शुक्रवारी त्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. दोन्ही गोष्टी सांगायच्या असं ठरवून गेल्या होत्या. आधी आपली.

मोठ्या बाई सतरंज्या मोजून घेत होत्या. ऐकून त्या खुर्चीत बसल्या. "कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

"आणि आज सांगताय? अहो, शिक्षण खात्याचे साहेब येणार आहेत उद्या. पत्रकं घरोघरी गेलीत. लोक विचारतील, ही पुस्तकं सुचवली कुणी?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तेवढा उद्याचा दिवस जाऊ द्या. कुणाला काय कळणार आहे? मला तरी कुठे गाता येतं? रोज प्रार्थनेला पुढे उभी राहून ओठ हलवतेच ना मी?"

"आणखी एक आहे, बाई…"

"आणखी काही नको आता. सोमवारी बोलू. सतरंज्या कमी पडतायत."

दुसरी गोष्ट सांगायची तशीच राहिली. बाहेर आल्यावर त्यांना बरंच वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची लाज वाटली.

शनिवारी सभागृह भरलं. भिंगरीची आई दवाखान्यात नर्स होती, ती ड्युटीवरून तशीच गणवेशात आली होती आणि पुढच्याच रांगेत बसली होती. पाठीवर थाप मारून लोक तिला सांगत होते, मुलगी पुस्तकी किडा आहे हो तुमची. ती लाजत होती. "मला कुठे वेळ मिळतो शिकवायला. तिचं तीच करते."

भिंगरी पुस्तक घेऊन व्यासपीठावर उभी राहिली आणि तिनं पान 'वाचलं'. आवाज स्वच्छ, चढउतार नेमके. खोकल्याच्या जागी थांबली तेव्हा लोकांना वाटलं, वा, काय समज आहे. टाळ्या झाल्या. बाईंनीही वाजवल्या.

"वा, वा!" साहेब म्हणाले. कौतुकानं पुढे सरकून बसले. "आता उलट पाहू पान. पुढचं वाच, बाळ."

पान उलटल्याचा आवाज आला. मग काही नाही.

बाई व्यासपीठाच्या कडेला बसल्या होत्या. भिंगरीकडे थेट पाहिलं तर ती दिसेना. त्यांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं, तेव्हा डोळ्यांच्या कडेला ती दिसली. पुस्तक छातीशी घट्ट धरलेलं, तोंड बाईंकडे. गोष्ट रचायची तर ती आत्ताही रचू शकली असती, पण इतक्या माणसांपुढे तिची गोष्टही पळाली होती. सभागृहात कुजबूज सुरू झाली. आई अर्धवट उठली.

बाई उठल्या. त्यांना व्यासपीठाची पायरी दिसत नव्हती, पायानं चाचपत त्या वर गेल्या आणि त्यांनी भिंगरीच्या हातातून पुस्तक काढून घेतलं.

"साहेब, पुढचं पान राहू द्या. मला बोलायचंय. या पत्रकातली नवी पुस्तकं मी वाचलेली नाहीत. मला वाचता येत नाही आता. डोळे गेले. मुलांनी जे सांगितलं तेच मी तुम्हाला छापून दिलं. या पुस्तकात जिराफ नाही."

मागून वकिलाचा आवाज आला, "मी सांगितलं होतं!" आणि कुणीतरी त्याला दटावलं.

मग जे झालं त्याची बाईंना कल्पना नव्हती. लोक रागावले नाहीत. एक आजोबा उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या मुलाला तुम्हीच वाचायला लावलंत. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. साहेबांनी हात जोडले. मोठ्या बाई रुमालानं डोळे टिपत होत्या, आणि टिपता टिपता "सोमवारी बोलू, सोमवारी" म्हणत होत्या. सोमवारी काय होणार ते बाईंना कळलं होतं, आणि नवल म्हणजे त्यांना त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. इतके दिवस छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून नेलं होतं.

सभा संपली. सतरंज्या गुंडाळल्या जाऊ लागल्या. भिंगरी धावत आली आणि तिनं बाईंचा पदर धरला.

"बरं झालं बाई! आता मला नाही ना वाचावं लागणार?"

बाईंचा हात तिच्या डोक्यावर गेला आणि तिथेच थांबला. टाळ्या त्यांच्या एकटीसाठी वाजल्या होत्या. दार उघडलं होतं ते एकट्या त्यांच्यासाठी. पोर आत होती ती आतच.

"तुमचे फार उपकार आहेत बाई," भिंगरीची आई जवळ येऊन म्हणाली. "ती घाबरली होती, तुम्ही सांभाळून घेतलंत. घरी तर अख्खी पुस्तकं वाचते हो ही."

भिंगरीनं पदराला हिसका दिला. गप्प राहा, असा.

"नाही," बाई म्हणाल्या. "तिला वाचता येत नाही. अजून नाही. मला कळलंय ते, आणि मीच लपवलं."

आई हसली, चेष्टा समजून. मग तिचं हसू गेलं. पदर सुटला.

"तुम्ही सांगणार नव्हता," भिंगरी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही बरं म्हणाला होतात."

"हो, म्हणाले होते."

"मी तुमचं नव्हतं सांगितलं."

बाईंनी पुस्तक या हातातून त्या हातात घेतलं. आईनं इकडेतिकडे पाहिलं. मग तिनं पहिलीच्या मुलांची एक बुटकी खुर्ची ओढली, तीवर कशीबशी बसली, बाईंच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि मुलीला दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये ओढून घेतलं.

"हे काय आहे गं? हे पहिलं. सांग मला."

भिंगरी पानाकडे बघत नव्हती. ती बाईंकडे बघत होती, पूर्वी रांगेतून बघायची तशी नाही, अगदी परकी होऊन. बाईंना मदत करायची इच्छा झाली. ओठांतल्या ओठांत काही पुटपुटावं, एखादी खूण करावी. पण ते अक्षर त्यांना दिसतच नव्हतं.

शिपायानं एकेक दिवा मालवायला सुरुवात केली. आईनं बोट पानावर तसंच धरून ठेवलं होतं. बऱ्याच वेळानं, रागानं, भिंगरी खाली वाकली.

"द?" ती म्हणाली.

बरोबर होतं की चूक, हे बाईंना कळायला मार्ग नव्हता. त्या आईच्या आवाजाची वाट पाहत उभ्या राहिल्या.